फळ्यावर मेलेला भाऊ

चेहऱ्यावरून माणसाची पारख करणारे लोक भोळे, असं लाँड्रीवाल्या बाईंचं ठाम मत होतं. पारख करावी ती कॉलरच्या आतल्या बाजूवरून. रविवारच्या उपासनेत पहिल्या बाकांवर डोळे मिटून बसणारी झाडून सगळी प्रतिष्ठित मंडळी बाईंकडेच कपडे टाकत, आणि शनिवार मावळेपर्यंत त्या सगळ्यांचा मळ बाईंच्या हाताखालून गेलेला असे. कोणाच्या बाहीला दारूचा डाग, कोणाच्या खिशात सिगारेटची राख, कोणाच्या सदऱ्याला बायकोच्या नसलेल्या पावडरीचा वास. बाई कधी कोणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. रविवारी शेवटच्या बाकावर बसून ती पांढरीशुभ्र पाठमोरी रांग न्याहाळायची आणि मनात म्हणायचं, "पांढरे दिसताय खरे, पण ते माझ्या साबणामुळे."

दुकान एका खोलीचं. दाराशी काउंटर, मागे धुण्याची दोन मशिनं, भिंतीलगत इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट आणि जळक्या त्रिकोणांनी भरलेली चादर. वर लोखंडी नळीला कोट टांगलेले, माना नसलेल्या माणसांसारखे. खिडकीची काच वाफेने सदा घामेजलेली. मागच्या दाराने चार पायऱ्या चढल्या की घर. आणि घरात मास्तर.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाले होते. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत ते पवित्र शास्त्राचा वर्ग घेत. शास्त्र केवढं मोठं, पण मास्तरांचा विषय एकच: मरण. शास्त्रात 'मरण' हा शब्द कुठे शरीराच्या मरणासाठी आलाय आणि कुठे आत्म्याच्या, हे उलगडून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लोक त्यांना पाठीमागे 'दोनमरणे मास्तर' म्हणत. आडनावच वाटावं, इतकं ते चिकटलं होतं.

फळ्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'शरीराचं', उजवीकडे 'आत्म्याचं'. मग मास्तर खडू रोखून विचारत, "देवाने आदामाला बजावलं होतं, हे फळ ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील. त्याने खाल्लं. मेला का?"

आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगत.

"नाही मेला! पुढे शेकडो वर्षं जगला. पोरंबाळं झाली, शेती केली. मग देव खोटं बोलला? देव खोटं बोलत नाही, आपण शब्द नीट वाचत नाही. आदाम मेला तो त्याच दिवशी मेला, पण शरीराने नाही. देवाची चाहूल लागली आणि झाडाआड लपला, तेच त्याचं मरण. फांदी तोडली की पानं थोडे दिवस हिरवी राहतात, पण फांदी मेलेलीच असते. माती होणं मागाहून आलं."

खडू डावीकडून उजवीकडे जाई. "एक जण प्रभूला म्हणाला, आधी बापाला पुरून येतो. प्रभू म्हणाला, ते काम मेलेल्यांवर सोड. आता मला सांगा, मुडदा कुदळ कशी मारणार? म्हणजे पुरणारे मेलेले उजवीकडचे आणि पुरायचे मेलेले डावीकडचे. एका वाक्यात एक शब्द दोनदा, दोन अर्थांनी. याला म्हणतात भाषा!"

शिकवायचे ते सुरेखच, हे बाईसुद्धा कबूल करत. लग्नाआधी हीच वाणी ऐकून त्या भुलल्या होत्या. ज्याच्या डोक्यात इतका उजेड आहे, त्याच्या छातीतही थोडाफार असेल, असं त्या वयात वाटतं. पुढे लक्षात आलं, की नवऱ्याला डावीकडचं मरण डोळ्यांनी बघवतच नाही. सासूबाई गेल्या तेव्हा हे बाहेर ओट्यावर जमलेल्या लोकांना पुनरुत्थान समजावत होते. आत सासूबाईंचं तोंड पुसलं, जबडा बांधला, डोळे मिटवले, ते बाईंनी आणि धाकट्या दिराने. घरात उंदीर मेला तरी मास्तर खोली सोडून जात. उजवीकडचं मरण मात्र त्यांना भारी मानवायचं. त्याला वास येत नाही ना!

धाकटा दीर वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणावाले, भंगारवाले, दवाखानेवाले, सगळ्यांचे काटे त्याच्याकडे येत. दादाला तो आदराने 'अहो दादा' म्हणायचा आणि वहिनीची खुशाल थट्टा करायचा. "वहिनी, तुम्ही मळ बघता, मी खोट बघतो. आपण दोघांनी पाळकांना पगारी नेमायला हवं." दर रविवारी उपासनेनंतर त्याचं जेवण मास्तरांकडे. त्याचं ताट ठरलेलं, कडेला पोचा पडलेलं.

या धाकट्याचं पोस्टातल्या एका बाईशी जमलं. तिकिटांच्या खिडकीवर बसणारी, शांत, कामाला चोख. तिचा नवरा फार वर्षांपूर्वी एका सकाळी "जाऊन येतो" म्हणून घराबाहेर पडला तो पडलाच. पत्र नाही, निरोप नाही, प्रेत नाही. दोघं लग्नाचं विचारायला पाळकांकडे गेले. पाळक तरुण, मऊ, कोणी जोरात बोललं तर लगेच मान डोलावणारे. त्यांनी चर्चच्या मंडळीच्या पंचांना विचारलं. पंचांचे सचिव दातांचे डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, नवरा जिवंत असेपर्यंत स्त्री त्याला बांधलेली, असं शास्त्र सांगतं. मेल्याचा पुरावा आणा, लग्न लावतो. पुरावा आणायचा कुठून? पोस्टातल्या बाईने जंग जंग पछाडलं. हाती काही लागलं नाही. शेवटी धाकट्याने काट्यांच्या दुकानावरची खोली रंगवून घेतली आणि दोघं तिथे राहायला लागले.

पुढच्या बुधवारी वर्ग तुडुंब. अशा वेळी लोकांना शास्त्राची फार ओढ लागते. दातांच्या डॉक्टरांनी पहिल्या बाकावरून अगदी हळुवार विचारलं, दात उपटण्याआधी विचारतात तसं, "मास्तर, तुमच्या घरातलंच उदाहरण आहे आता. ते तुम्ही कुठल्या बाजूला मांडाल?"

मास्तरांनी खडू उचलला. मग वळले आणि फळ्याच्या उजव्या बाजूला वळणदार अक्षरात लिहिलं: 'माझा भाऊ'. वर्गातून एक उसासा उठला. आपल्या सख्ख्या भावाला खडूने मारताना मास्तरांच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं होतं, ते बाईंनी स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

रविवारी बाईंनी सवयीने ताटं मांडली. मास्तरांनी पोचा पडलेलं ताट उचलून फडताळात ठेवलं. भिंतीवरचा दोघा भावांचा फोटोही काढला. मग हात धुऊन जेवायला बसले.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"तो मेला. शास्त्राच्या अर्थाने."

"आत्म्याने मेला म्हणता ना? मग ताट का उचललं? आत्मा जेवतो का?"

"तुला नाही कळायचं. हा अर्थाचा प्रश्न आहे."

"अर्थ मला चांगला कळतो. ज्या नवऱ्याचा मुडदा कोणी पाहिला नाही तो तुमच्या लेखी जिवंत, आणि जो तुमच्यासमोर दोन वेळा भात मागून खातो तो मेलेला. एवढी वर्षं फळ्यावर रेघ मारलीत, आणि घरात आल्यावर तुम्हीच पुसलीत."

मास्तर जेवत राहिले. त्यांना भूक चांगली लागली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, एवढं म्हणून बाई पायऱ्या उतरून दुकानात गेल्या आणि रविवार असूनही इस्त्री तापवली.

त्या दिवसापासून बाईंनी नवऱ्याशी भांडणं सोडलं. भांडण बरोबरीच्या माणसाशी करतात. त्यांनी नुसतं बघायला सुरुवात केली, आणि ते बघणं मास्तरांना भांडणापेक्षा जड जाई. धाकट्याचे सदरे पोस्टातली बाई लाँड्रीत आणून टाकायची. "ताई, यांच्या बाह्यांना ऑइल लागलंय." बाई ते सदरे सगळ्यांत आधी करत. धाकटा कधी स्वतः आला की काउंटरवर कोपर टेकून विचारी, "वहिनी, दादा बरे आहेत ना? की माझ्या शोकात आहेत अजून?" दोघं खळखळून हसत. वर घरात मास्तरांना हसणं ऐकू जात असे. मेलेल्याचं हसणं ऐकायचं नसतं म्हणून ते खिडकी लावून घेत.

अशी काही वर्षं गेली. मग एके दिवशी पोस्टातली बाई कपड्यांशिवाय आली. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "यांच्या फुप्फुसात आहे. डॉक्टर म्हणतात, फार पसरलंय."

बाईंनी इस्त्री बाजूला उभी केली. त्या दुपारी मास्तरांच्या पानात वाढता वाढता त्यांनी सांगितलं. मास्तरांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "जाऊन यायला हवं. अजून वेळ आहे. पश्चात्ताप करवून घेता येईल."

"तुमचा की त्याचा?" बाईंनी विचारलं.

इस्पितळातली ती लांब खोली. ओळीने खाटा, खाटांमध्ये कळकट पडदे, फिनेलचा वास आणि त्याच्याखाली तो दुसरा वास. धाकटा उशांना टेकून बसला होता. अंगातलं वजन इतकं उतरलं होतं, की त्याच्याच काट्यावर त्याने ते मान्य केलं नसतं. मास्तर पलंगापासून हातभर लांब, खिडकीजवळ उभे राहिले. खिशातून शास्त्र काढलं. घसा साफ केला. "हे बघ, शरीराचं मरण म्हणजे काही नाही. ते एक दार आहे. खरं मरण..."

"अहो दादा," धाकटा धापा टाकत म्हणाला, "मी नेमका कुठल्या मरणाने मरतोय तेवढं सांगा. एक तर तुम्ही आधीच उरकलंय. म्हणजे हे आता फुकटात, नाही का?"

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा फिस्सकन हसला. मास्तर लाल झाले. तेवढ्यात धाकट्याला उबळ आली. उलटी होणार हे सगळ्यांना दिसत होतं. पोस्टातली बाई औषधं आणायला खाली गेली होती. स्टीलचं भांडं मास्तरांच्या हाताशी, खिडकीच्या कट्ट्यावर होतं. धाकट्याने हात पुढे केला. मास्तरांनी भांड्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि सरळ बाहेर निघून गेले. बाईंनी धावत जाऊन भांडं धरलं.

तोंड पुसून झाल्यावर धाकटा पुन्हा उशांना टेकला. मग म्हणाला, "वहिनी, एक सांगू? मी रोज प्रार्थना करतो. पहिल्यापासून. काटे उघडून बसलो ना, की हात आपोआप थांबतात. ती पण असते सोबत. दादांना मात्र बोलू नका."

"का हो भाऊजी?"

"त्यांचा फळा खोटा पडेल. म्हातारपणी कुठे त्यांना नवीन शिकायला लावता?"

बाहेर मास्तर बाकावर बसून गुडघ्यावरचं शास्त्र उघडं ठेवून वाऱ्याने पानं उलटू देत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना नवऱ्याचा रागही आला नाही. फक्त वाटलं, हा माणूस आपण इतकी वर्षं कशासाठी धुतला, वाळवला आणि घडी घालून ठेवला?

धाकटा गेला तो एका सकाळी, पोस्टातली बाई त्याला चहा पाजत असताना. मास्तरांना निरोप आला तेव्हा ते आरशापुढे दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच राहिली. म्हणाले, "आईशेजारी जागा आहे. तिथेच ठेवू त्याला."

पण कबरस्तान मंडळीचं होतं आणि परवानगी पंचांकडे होती. त्याच दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत बैठक बसली. लांब टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या, भिंतीवर जुन्या पाळकांचे फोटो, सगळ्यांचे चेहरे बद्धकोष्ठ झाल्यासारखे. बाई मास्तरांबरोबर गेल्या आणि कोणी बसा न म्हणताही बसल्या.

दातांचे डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "मास्तर, तुमचं दुःख ते आमचं दुःख. पण आम्ही नवीन काही सांगत नाही. तुम्हीच शिकवलंत आम्हाला. तुम्हीच स्वतःच्या हाताने भावाचं नाव उजवीकडे लिहिलंत. जो आत्म्याने मेलेला असताना शरीराने मेला, त्याच्यापुढे दुसरं मरण, म्हणजे न्यायाच्या दिवशीचा कायमचा नाश, ठरलेलं. मग अशा माणसाला विश्वासी लोकांच्या मातीत कसं ठेवायचं?"

डॉक्टरांच्या अंगात बाईंनीच सकाळी पोहोचवलेला सदरा होता. कॉलर अशी ताठ, की मान वळवायला त्रास व्हावा. खणलात ना खड्डा, बाई मनात नवऱ्याला म्हणाल्या, आता पडा त्यात.

पाळकांनी अंग चोरत विचारलं, "शेवटी काही कबुली वगैरे? कोणी ऐकलं असेल तर... म्हणजे साक्ष असली तर मार्ग निघेल."

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. बाईंच्या जिभेवर ते होतं. दोन वाक्यं बोलल्या असत्या तर काम झालं असतं. पण त्यांनी समोरच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. भाऊजींची प्रार्थना या माणसांच्या टेबलावर ठेवायची, यांनी ती चिमटीत धरून उजेडात बघायची, आणि मग चालेल म्हणायचं? त्यांना किळस आली. म्हणाल्या, "विचारायचं होतं तर तो होता तेव्हा त्याला विचारायचं. तुमच्यापैकी कोण गेलं होतं?"

कोणीच गेलं नव्हतं. तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज झाला.

आणि मग मास्तर उठले. एका गालावर दाढीचे पांढरे खुंट, एक गाल गुळगुळीत. शब्द व्याकरणाच्या तासाला यावेत तसे एकामागून एक आले.

"डॉक्टर, तुम्ही चूक करताय. अर्थाची चूक. कबर ही डावीकडची गोष्ट आहे. माती आहेस आणि मातीला मिळशील, हे आदामाला सांगितलं. त्याचा मुलगा हाबेल तिथेच गेला, त्याचा खून करणाराही तिथेच गेला. मातीत जायला कुठे अट घातलेली नाही. प्रभूसुद्धा त्याच दाराने गेला, आणि तोही दुसऱ्याच्या कबरेत. लोकांनी त्याला गुन्हेगार ठरवून मारलं होतं. ज्याने कबर दिली त्याने पंच बसवले नाहीत. प्रेत मागून घेतलं आणि ठेवलं."

"पण दुसरं मरण..."

"ते वेगळं आहे! तेच तर मी सांगतोय. वेगळं आहे म्हणूनच ते या खोलीत ठरत नाही. मरणाच्या किल्ल्या कोणाच्या हातात आहेत ते शास्त्राच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय. तिथे दातांच्या डॉक्टरांचं नाव मला सापडलं नाही. आत्म्याचं काय झालं हे तुम्हाला माहीत नाही. मला माहीत नाही. शरीराचं काय झालं ते मात्र सगळ्यांना माहीत आहे. त्याला माती द्या."

डॉक्टर थंडपणे म्हणाले, "हे तुम्ही त्या बुधवारी नाही सांगितलंत, मास्तर."

"नाही. तेव्हा..." मास्तर अडखळले. "तेव्हा मला टाळ्या हव्या होत्या." आणि मटकन खाली बसले.

बाई ऐकत होत्या. बोलले ते सोळा आणे खरं होतं, हे त्यांना समजलं. आणि म्हणूनच त्यांचा संताप झाला. म्हणजे हे याच्या डोक्यात होतं तर! इतकी वर्षं होतं. फडताळातल्या ताटाइतकंच हाताशी होतं, आणि याने बाहेर काढलं कधी, तर स्वतःच्या पायाखाली जळायला लागल्यावर.

पंचांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती जात. पाळक म्हणाले, नियमांत अडसर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, पण घंटा नको, गर्दी नको, आईशेजारी तर नकोच. भिंतीलगत नळाजवळ एक जागा आहे, तिथे काय ते उरका. एखादी नको असलेली वस्तू मागच्या दाराने काढून द्यावी, तसा तो निर्णय झाला.

घरी येताना रस्त्यात मास्तरांनी विचारलं, "शेवटी तो काही बोलला होता का तुझ्याशी?"

बाईंनी चार पावलं टाकली. मग म्हणाल्या, "रोज प्रार्थना करायचा. पहिल्यापासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्याने नको म्हटलं. म्हणाला, दादांचा फळा खोटा पडेल."

मास्तर रस्त्याच्या मधोमध थांबले आणि लहान पोरासारखे हमसून रडायला लागले. बाईंनी त्यांच्या कोटाची बाही धरून ओढलं. "रडा, पण कडेला येऊन रडा. मागून गाडी येतेय."

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी पुरायचं ठरलं. पंच कोणी आले नाहीत. पाळक आले ते सारखे घड्याळाकडे बघत. खड्डा खणणारा माळी, दोन किराणावाले, ज्यांचे काटे धाकट्याने जन्मभर सरळ ठेवले, आणि घरचे. पेटी उचलायला खांदे पुरेनात. माळी एका कोपऱ्याला, किराणावाले दोन कोपऱ्यांना. चौथा कोपरा मास्तरांचा. त्यांनी हात लावला आणि मागे घेतला. बाई पुढे होऊन स्वतःच उचलणार, तेवढ्यात मास्तरांनी डोळे मिटले, खाली वाकले आणि खांदा दिला. पेटी उंचावली तशी आतलं वजन त्यांच्या बाजूला थोडं सरकलं. मास्तरांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. पण त्यांनी पेटी सोडली नाही. डावीकडचं मरण जड असतं, हे व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

फाटकाशी पोस्टातली बाई उभी होती. माळ्याला तिच्याकडे बघवेना. पुटपुटला, "बाई, मला निरोप आहे पंचांचा. तुम्ही बाहेरूनच..."

मास्तरांनी पेटीखालूनच मान वळवली. "ती माझी भावजय आहे. आत येऊ दे तिला."

पोस्टातली बाई पुढे आली, मास्तरांच्या समोर थांबली आणि तिकीट देताना बोलतात तशा सरळ आवाजात म्हणाली, "नको. तुमची भावजय व्हायचं होतं तेव्हा तुम्ही केली नाहीत. मी त्याची बायको होते, ते त्याला माहीत होतं. तेवढं पुरे आहे." आणि माळ्याकडे न बघता पेटीला वळसा घालून ती सगळ्यांच्या आधी आत गेली. बाईंना तिचा इतका अभिमान वाटला, की ओठ घट्ट मिटून धरावे लागले.

माती सगळ्यांनी टाकली. पाळकांनी प्रार्थना आटोपती घेतली. नळ ठिबकत होता. मास्तर शेवटपर्यंत खड्ड्यात बघत उभे राहिले, आणि नंतर भिंतीला धरून ओकले. कोणी भांडं धरायला गेलं नाही.

पोस्टातली बाई पुढे बदली करून घेऊन दुसऱ्या गावी गेली. जाताना लाँड्रीत येऊन बाईंचा हात घट्ट दाबून गेली, वर घरात मात्र आली नाही. मास्तरांचा वर्ग ओसरला. त्यांनी एका बुधवारी उभं राहून सांगितलं, की भावाचं नाव मी चुकीच्या बाजूला लिहिलं होतं, आणि खरं तर ते लिहिणारा मी कोण. लोकांना असलं ऐकायचं नव्हतं. दुसऱ्यांची नावं लिहून देणारा मास्तर त्यांना हवा होता. ते हळूहळू डॉक्टरांनी सुरू केलेल्या नव्या वर्गाला जाऊ लागले. तिथे म्हणे दर आठवड्याला कोणी ना कोणी मरतं.

मास्तर दिवसभर दुकानात स्टुलावर बसून मोज्यांच्या जोड्या लावू लागले. निम्म्या चुकवत. गिऱ्हाइकांचं बोलणं मधेच सुधारत. बाई त्यांना काही म्हणत नसत, म्हणजे क्षमा केली असं नव्हे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि पीळ काय फक्त मास्तरांतच होता?

मग एके दिवशी दातांचे डॉक्टर कपडे न घेता दुकानात आले. कॉलर चुरगळलेली. म्हणाले, आई शेवटच्या घटका मोजतेय, घाबरतेय, सारखी विचारतेय पुढे काय. पाळक नुसते स्तोत्र म्हणून जातात. वर्गातलं कोणी फिरकत नाही. मास्तर येतील का?

मास्तर मोजा हातात धरून बाईंकडे बघू लागले. "जाऊ? काय बोलू पण?"

"काही बोलू नका," बाई इस्त्री फिरवत म्हणाल्या. "बोलून तुम्ही आजवर कोणाचं भलं केलंय? खुर्ची पलंगाजवळ ओढा आणि बसा."

मास्तर गेले. बाईंना खात्री होती, की अर्ध्या तासात तोंड पाडून परत येतील. पण दुपार गेली, दुकान बंद करायची वेळ आली, तरी पत्ता नाही. शेवटी आले ते चष्मा कपाळावर, केस विस्कटलेले.

"काय झालं? गेली?"

"नाही. माझा हात धरून ठेवला होता तिने. मी गप्पच बसलो. मग ती झोपली."

बाईंनी डोळे बारीक केले. मरणाला झोप म्हणायची शास्त्राची रीत त्यांना माहीत होती आणि नवऱ्याची सवयही. "नीट सांगा. कुठल्या अर्थाने झोपली?"

"अगं, झोपली म्हणजे झोपली," मास्तर वैतागून म्हणाले. "घोरत होती. मलासुद्धा खुर्चीत डुलकी लागली."

बाईंना हसू आवरेना. इस्त्रीचं बटण बंद करून त्या टेबलाला टेकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मास्तर आधी रागावले, मग त्यांनाही थोडं हसू आलं. "उद्या पुन्हा बोलावलंय," ते म्हणाले.

"जा मग," बाई म्हणाल्या. "पण हा सदरा घालून नको. बगलेत फाटलाय."